ट्रक जुना, घड्याळ नवे



शिरूर-दौंडात जिरायतीवर भागत नाही, म्हणून आपल्यातल्या काहींनी जुना ट्रक घेतला. मालक तोच, ड्रायव्हर तोच. कांदा, कडबा, ऊस, मिळेल तो माल. आता ड्रायव्हरचे तास मोजा, अशी भाषा आहे. 2021 मध्ये नितीन गडकरींनी तास ठरवण्याची आणि ड्रायव्हरची झोप ओळखणाऱ्या सेन्सरची गोष्ट काढली.

नियम नवा नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8, आठवड्याला 48 तास ठरवले; पण ते पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्यांसाठी. एका गाडीचा धनी त्यात बसलाच नाही.

अमेरिकेत डिसेंबर 2017 पासून यंत्र सक्तीचे झाले. ते इंजिनाला जोडतात, गाडी चालल्याचा वेळ आपोआप नोंदला जातो. 2000 सालाआधीच्या इंजिनांना मात्र सूट दिली, त्यांना कागदाची वही चालते. श्रीमंत देशाला जे कळले ते इथेही कळावे.

झोप आम्हालाही हवी आहे. नगर रस्त्यावर, सोलापूर रस्त्यावर पहाटे डुलकी लागली तर जातो तो आपलाच पोरगा. पण गव्हाणीपुढच्या रांगेत रात्र जाते, थोड्या थोड्या वेळाने गाडी पुढे सरकवायची, डोळा मिटता येत नाही. चाक काही वेळ थांबून राहिले की यंत्र त्याला ड्रायव्हिंग म्हणत नाही. भाडे टनावर, जागरण फुकट!

आमची मागणी साधी आहे. काटापावतीवर गाडी आल्याची आणि सुटल्याची वेळ लिहा, उभे ठेवल्याचे पैसे द्या. यंत्राचे मग बोलू.