पुढच्या एक्सलचं तेल : बघायचं कसं, निवडायचं कसं



आगोटीची कामं सुरू झाली की आपण घर शाकारतो, लाकडं आत घेतो, सुकी मासळी भरून ठेवतो. त्या यादीत यंदा आणखी एक काम लिहून घ्या. गटाचा ट्रॅक्टर असेल, तर त्याच्या पुढच्या एक्सलचं तेल बघायचं.

आमच्या गटाने कर्ज काढून छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला. इंजिनचं तेल आम्ही नेमाने बघायचो. पुढच्या एक्सलमध्येही तेल असतं, हे आमच्या गावीच नव्हतं. ऐन लावणीत पुढून कटकट आवाज यायला लागला. मिस्त्रींनी खालचा बोल्ट काढला आणि म्हणाले, "वयनींनू, ह्या तेल नाय, ही दुधाची चाय झाली!" ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला. तरवा 21 ते 25 दिवसांचा लावायचा, तो कुणग्याच्या कडेला जून होत गेला. भाडं बुडालं, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

तेलात पाणी गेलं कसं? कामाने एक्सल तापतो, आतली हवा फुगते आणि ब्रीदर नावाच्या छोट्या टोपीतून बाहेर पडते. तोच एक्सल थंड चिखलपाण्यात गेला की हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल, तर सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. म्हणून चिखलणीच्या दिवसांत ब्रीदर रोज पुसायचा.

आता तपासणी. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. एक्सल थंड होऊ द्या. फोर व्हील ड्राइव्हमध्ये बहुधा तीन ठिकाणी तेल असतं : मधल्या गोळ्यात आणि दोन्ही चाकांजवळ. तिन्ही बघायची. लेव्हलच्या बोल्टभोवतीची माती आधी पुसा, मगच तो उघडा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. थोडं तेल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. तेल बदला आणि सील तपासून घ्या. बारीक करडी पूड थोडीफार असतेच, पण लोखंडाचे कण बोटाला टोचले तर मिस्त्रींना बोलवा. तेल काढायचं असेल तर भरायचा बोल्ट आधी उघडून बघा. तो गंजून अडकला असेल तर रिकामा एक्सल घेऊन बसायची पाळी येते.

तेल कुठलं घ्यायचं? ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलंय तेच. डब्यावर 80डब्ल्यू-90 असं असेल, तर तो तेलाच्या दाटपणाचा आकडा. जीएल-4, जीएल-5 हा गिअरवरचा भार सोसायचा दर्जा. काही कंपन्या मागच्या गिअरबॉक्सचंच तेल पुढे घालायला सांगतात. म्हणून दुकानदाराने "हेच चालतं" म्हटलं तरी पुस्तकाचं ते पान मोबाईलवर दाखवा, सीलबंद डबा घ्या, बिल मागा. इंजिनचं जळकं तेल तर कधीच घालू नका.

टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर असेल तर पुढे गिअर नसतात, तिथे ग्रीसचं काम. निपल पुसा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा. चिखलणीत हे रोज संध्याकाळी करा, म्हणजे शिरलेलं पाणीही ढकललं जातं. दोन जातींची ग्रीस मिसळू नका, कधी कधी ती पातळ होऊन वाहून जातात. खाडीकाठच्या खारजमिनीत काम केलं असेल, तर आधी गोड्या पाण्याने धुवा, मग ग्रीस.

काढलेलं तेल व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या.

आमच्या गटात आता बचतीच्या वहीशेजारी ट्रॅक्टरची वही असते. तारीख, तास, कुठलं तेल, कोणी बघितलं, सगळं तिच्यात. पाळी लावून दोघी दोघी बघतो. पहिल्यांदा ड्रायव्हर हसला होता. आता तोच आधी वही मागतो.

मिरगाच्या आधी एकदा तो बोल्ट उघडून बघाच.