तार कोणती, ते आधी विचारा
(चाकण परिसरातील गटांच्या मासिक सभेत केलेली मांडणी)



एलईडी बल्ब, छोटी कार्डं जोडायचं जॉबवर्क चाकण-भोसरीच्या लहान युनिटांकडून आपल्या गटांपर्यंत यायला लागलंय. नगाला किती रुपये, हे आपण पहिल्यांदा विचारतो. सोल्डरची तार कोणती, हे कुणी विचारत नाही. आज त्यावरच बोलायचंय.

जुनी तार म्हणजे ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. ती १८३ अंशाला वितळते, म्हणून हाताला सोपी. लेड-फ्री तारेत जवळजवळ सगळं कथीलच असतं. हो, कल्हईवाला भांड्याला लावतो तेच! एका तारेत ९९.३ टक्के कथील आणि बाकी तांबं. ती २२७ अंशाला वितळते. दुसरीत ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. ती साधारण २१७ ते २२० अंशाला वितळते, चांगली पसरते, पण चांदीमुळे महाग. साध्या बल्बाला तांब्याची पुरते, असं माझं मत. चांदीचीच हवी असेल तर तार मालकाने द्यावी.

युरोपने १ जुलै २००६ पासून अशा वस्तूंतल्या शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडे टीव्ही, संगणक, फ्रिज यांना ती १ मे २०१४ पासून लागू झाली. तरी शिशाची तार दुकानात सहज मिळते. रिळावर ६०/४० किंवा ६३/३७ छापलेलं असेल, तर समजा शिसं आहे.

आता दराचं. आपल्या एका गटाचा माल ‘जोड चमकत नाहीत’ म्हणून परत आला आणि पैसे कापले गेले. अहो, लेड-फ्रीचा जोड मुळातच जरा मळकट दिसतो! जोड पायाला नीट चिकटून पसरलाय का, ते बघायचं. म्हणून काम घेतानाच एक नमुना दोघांनी पास करून ठेवायचा. शिवाय या तारेला वेळ जास्त लागतो. आधी वीस नग घड्याळ लावून करा, मग दर ठरवा. जुन्या तारेच्या दरात हे काम घेऊ नका.

बिट साधारण ३५० अंशावर ठेवा. घाईत आणखी वाढवली तर बिट लवकर जाते, कारण कथील तिला खातं. गन ठेवताना टोकाला थोडी ताजी तार लावून ठेवायची. आणि दोन्ही तारांना एकच बिट, एकच स्पंज वापरला, तर लेड-फ्री कामात शिसं मिसळलंच.

शिसं धुरातून येतं असं बऱ्याच जणींना वाटतं. एवढ्या उष्णतेला शिशाची वाफ होत नाही; तो धूर राळेचा. त्याने दमा होऊ शकतो, म्हणून लेड-फ्रीलासुद्धा धूर तोंडापासून दूर ओढणारा पंखा हवाच. शिसं पोटात जातं ते बोटांवरून, भाकरीबरोबर. ते हाडांत साठतं, आणि बाई गरोदर राहिली की बाळापर्यंत पोचतं. रांगणारं मूल तर जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. तेव्हा शिशाचं काम घरात, चुलीजवळ नको म्हणजे नकोच. उठल्यावर साबणाने हात धुवायचे, मगच पाणी प्यायचं, मगच लेकराला घ्यायचं.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे काम चालू आहे त्यांनी आपापलं रीळ घेऊन या. लेबल मिळून वाचू.