घराचा बिनतारी कारभारी

तारेवाचून दूरची वस्तू चालविण्याची विद्या आज निघालेली नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी विद्युच्चुंबकीय लहरी भिंतींतून आरपार पाठविल्या, पलीकडे ठेवलेली घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्यावरची एक लहानशी नाव तारेवाचून फिरवून दाखविली. त्या काळी जे अद्भुत वाटले, ते आज साध्या बिऱ्हाडातील दिवा आणि पंखाही करू शकतात. परंतु अद्भुत गोष्ट एकदा दाखविणे वेगळे आणि ती रोज रात्री बिनचूक घडविणे वेगळे. हे दुसरे काम ज्याच्या शिरावर असते, त्या बिनतारी नियंत्रकाची घरी मांडणी कशी करावी, यासंबंधी आज मी चार गोष्टी सांगणार आहे.

या नियंत्रकाचे बाह्य रूप अगदी किरकोळ असते. संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारी बोटभर कांडी, अथवा तळहातावर मावेल अशी पेटी. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील श्रोत्यांना 'कारभारी' या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नाही. कोणाची वर्दी कोठे पोचवावयाची आणि कोणता हुकूम कोणास द्यावयाचा, हे पाहणारा तो कारभारी. दारावरचा सेन्सर 'दार उघडले' एवढेच कळवितो. त्यावर दिवा लावावा की नाही, हे नियंत्रक आणि त्यामागचा लहानसा संगणक मिळून ठरवितात.

पहिला प्रश्न भाषेचा. या उपकरणांच्या दोन प्रमुख बिनतारी भाषा आहेत, झिग्बी आणि झेड-वेव्ह. झिग्बी हे नाव मधमाशांच्या नागमोडी नृत्यावरून घेतले आहे, आणि ते अन्वर्थक आहे, कारण येथे निरोप एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे असा मजल दरमजल करीत जातो. झिग्बीचा कारभार २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि तो पट्टा बहुतेक सर्व देशांत परवान्यावाचून खुला आहे. भारतात तो २००५ साली खुला झाला. झेड-वेव्हचे तसे नाही. तिची लहर भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४, तर अमेरिकेत ९०८.४ आहे. आपल्या समाजात अमेरिकेतील मुलाने वा पुतणीने प्रेमाने आणलेले उपकरण ही नित्याची गोष्ट आहे. पण तेथील झेड-वेव्हचे उपकरण येथील नियंत्रकाशी एक अक्षरही बोलणार नाही. शिवाय तो ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आपल्याकडे मोबाइल दूरध्वनीच्या सेवेकडे आहे. तेव्हा परदेशातून काही मागवावयाचे असेल, तर आधी भाषा विचारावी, लहर विचारावी, आणि ते विजेवर चालणारे असेल तर ते आपल्या २३० व्होल्टला टिकेल का, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न जागेचा. कांडी थेट संगणकाच्या पाठीत खोचणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत गैरसोयीची रीत होय. यूएसबी ३.० च्या खाचांतून आणि त्यांना जोडलेल्या तबकड्यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या परिसरातच विद्युत्-गोंगाट उठतो. इंटेल कंपनीने २०१२ साली तो मोजून प्रसिद्ध केला आहे. म्हणून हात-दीड हात लांबीची यूएसबी जोडतार घ्यावी आणि कांडी संगणकापासून व वाय-फायच्या पेटीपासून दूर, शक्यतो घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि सळ्यांचा स्लॅब या लहरींच्या आड येतात. गोव्याकडील चिऱ्याच्या जाड भिंती किंवा ग्वाल्हेरचे जुने दगडी वाडे यांत तर एका खोलीतील हाक दुसऱ्या खोलीत क्षीण होऊनच पोचते.

तिसरा प्रश्न वाहिनीचा. झिग्बीला ११ ते २६ अशा सोळा वाहिन्या आहेत. वाय-फायच्याही वाहिन्या आहेत आणि त्यांतही ११ हा आकडा येतो. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. झिग्बीची ११ ही वाय-फायच्या ११ वर पडत नाही, ती पडते वाय-फायच्या १ वर. आपले वाय-फाय १ वर असेल तर झिग्बीला २० किंवा २५ द्यावी. ते ११ वर असेल तर झिग्बीला ११ किंवा १५ द्यावी. २६ ही सर्वांत मोकळी दिसते खरी, परंतु काही उपकरणे तिच्यावर बोलतच नाहीत. हा निर्णय आरंभीच घ्यावा, कारण मागाहून वाहिनी बदलली तर काही उपकरणे पुन्हा एकेक करून जोडून घ्यावी लागतात.

आता उपकरणे जोडण्याचा क्रम. सततच्या विजेवर चालणारी बहुतेक उपकरणे, म्हणजे स्मार्ट प्लग किंवा न्यूट्रल तार जोडलेली स्विचमागची रिले, स्वतःचे काम करता करता दुसऱ्यांचे निरोपही पुढे नेतात. बटन-सेलवर चालणारे सेन्सर मात्र सेल पुरवून वापरण्यासाठी बहुतेक काळ झोपलेले असतात; ते निरोप्याचे काम करीत नाहीत. म्हणून आधी विजेवरची उपकरणे जोडावी, तीही नियंत्रकाजवळच्या खोलीपासून बाहेरच्या खोल्यांकडे जात. मग सेन्सर जोडावे, आणि जो जेथे बसावयाचा आहे तेथेच नेऊन जोडावा. टेबलावर बसून सर्व सेन्सर एकदम जोडले, तर त्यांतील काही तेथेच मिळालेल्या सोबत्याला धरून बसतात आणि नंतर परसदारी नेल्यावर मुके होतात. स्विचमागे रिले बसविण्याचे काम जाणत्या वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून करवावे. नुसती बटणे असलेल्या पेटीत पुष्कळदा न्यूट्रल तार आलेली नसते, हे त्याला आधी पाहावयास सांगावे.

चौथी गोष्ट राखणीची. झिग्बीचे निरोप १२८ बिटांच्या गुप्त किल्लीने झाकलेले असतात. परंतु नव्या उपकरणाला आत घेताना ही किल्ली त्याच्या हाती द्यावी लागते, आणि त्या वेळी तिच्यावर घातलेले जे सामान्य आवरण असते त्याचे रहस्य जगाला ठाऊक झालेले आहे. म्हणून नियंत्रकाची 'प्रवेश खुला' ही अवस्था जोडणीपुरती, दोन-तीन मिनिटेच ठेवावी आणि काम होताच बंद करावी. पाहुणा आत आल्यावर आपण दार लोटून घेतो, तितकेच हे स्वाभाविक आहे. मांडणी पूर्ण झाली की तिची प्रत काढून दुसरीकडे जपून ठेवावी. कांडी बिघडली तर त्या प्रतीच्या आधारे नवी कांडी जुन्या घराची ओळख घेऊ शकते.

यानंतर आपल्याकडची खास अडचण, म्हणजे वीज जाणे. वीज गेली की निरोपे उपकरणे बंद पडतात आणि ती परत आल्यावर जाळे सावरावयास वेळ लागतो. नियंत्रक, संगणक आणि वाय-फायची पेटी यांना लहानसा यूपीएस द्यावा. काही स्मार्ट दिवे पाच-सहा वेळा झटपट बंद-चालू केले की आपली जोडणी विसरतात; उत्पादकाने ती सोय मुद्दाम ठेवलेली असते. पण वीज लागोपाठ येत-जात राहिली, तर दिव्याला ते आपल्याच हातचे काम वाटते! तसेच मध्यरात्री वीज परत आल्यावर दिव्याने लागावे की विझलेलेच राहावे, हेही बहुतेक उपकरणांत ठरविता येते. ते न ठरविल्यास अपरात्री सारे घर लख्ख उजळते आणि झोपलेली माणसे दचकून उठतात.

श्रोतेहो, येथवर यंत्राचे बोललो. आता कारभाऱ्याच्या निष्ठेविषयी बोलले पाहिजे. पुष्कळ नियंत्रक स्वतः निर्णय घेत नाहीत. ते दूरदेशीच्या कंपनीच्या संगणकाला विचारतात. रिव्हॉल्व्ह नावाच्या नियंत्रकाची कंपनी २०१४ साली नेस्टने विकत घेतली आणि २०१६ साली त्याची सेवाच थांबविली; लोकांच्या घरातील पेट्या एका दिवसात निकामी झाल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन कंपनीची दूरसेवा पूर्वसूचनेवाचून बंद पडली; पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेऊन पुन्हा चालू केली. दाम आपण मोजावे आणि हुकमत दुसऱ्याची असावी, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. म्हणून इंटरनेट तुटले तरी घरच्या घरी काम करणारा नियंत्रक निवडावा. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला हाच एक प्रश्न विचारावा.

आणि हे कोणासाठी करावयाचे? मुले पुण्याला, बंगळूरला वा परदेशी, आणि वडीलधारी माणसे मूळ घरी, अशी घरे आपल्या गावांतून वाढत आहेत. रात्री आजी उठल्या की न्हाणीघराच्या वाटेवरचा दिवा आपोआप लागावा, ही सोय सत्तरीच्या माणसाचे एखादे पडणे टाळू शकते. परंतु तोच सेन्सर त्या किती वेळा उठल्या, याची नोंदही ठेवितो. ती नोंद कोणी पाहावी, हे त्यांना विचारूनच ठरले पाहिजे. आणि भिंतीवरचे साधे बटण कधीही काढू नये. यंत्र चालो वा न चालो, म्हाताऱ्या हाताने बटण दाबताच दिवा लागला पाहिजे. ज्या घरात यजमानालाच दिवा लावण्यासाठी नातवाची वाट पाहावी लागते, त्या घरात कारभारी माजला आहे असे समजावे.

तो नेमावा, त्याच्याकडून काम घ्यावे, आणि घराची मालकी आपल्याकडे ठेवावी, इतके सांगून मी आपली रजा घेतो.