सातचा भोंगा



सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षणासाठी म्हणून येथील मुलांच्या हाती मोबाईल आले. शाळा उघडल्या, तरी ते हातातून सुटले नाहीत. लेखन-वाचनातून मुलांचे लक्ष उडाल्याचे शिक्षकांच्या ध्यानी आले. महिलांच्या सभेत विचारविनिमय झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने नियम केला. सायंकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजताच घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद करायचे. साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंतचा वेळ अभ्यास, वाचन आणि परस्परसंवादासाठी राखायचा.

कोणी विचारील, एक यंत्र बंद करण्यास भोंगा कशाला हवा? मनोनिग्रह पुरेसा नाही काय?

याचे उत्तर मानसशास्त्रात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारताच दर वेळी दाणा मिळण्यापेक्षा कधी मिळतो, कधी मिळत नाही, अशा स्थितीत लागलेली सवय अधिक चिवट ठरली. मोबाईलचे आकर्षण असेच आहे. नवा निरोप आला असेल, कदाचित नसेलही. त्या अनिश्चिततेपायीच हात पुनःपुन्हा खिशाकडे जातो. म्हणूनच एकट्याचा निश्चय बहुधा दोन दिवसांत ढळतो.

याची किंमत एकाग्रतेने मोजावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांनी २००४ मध्ये केलेल्या पाहणीत माणूस संगणकाच्या एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे लक्ष देत होता. अलीकडच्या काळात ही सरासरी सुमारे ४७ सेकंदांवर आली. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करण्यासाठी २०१४ मध्येच स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. घरात मात्र हा आजार आजार वाटत नाही. पानावर बसलेल्या चौघांपैकी तिघांच्या माना खाली असतात. आजी काही सांगू लागते आणि समोरून नुसता हुंकार येतो. कोणी भांडलेले नसते, तरी आजी एकाकी होते.

मोबाईल शत्रू नव्हे. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा आईला तोच दाखवतो. परंतु साधन कोणते आणि स्वामी कोण, याचा विवेक सुटता कामा नये.

वडगावच्या नियमाचे मर्म हे की, तो केवळ मुलांसाठी नव्हता. वडिलांनी हातातला मोबाईल न सोडता मुलाला अभ्यासास बसवावे, यात संस्कार नाही, केवळ हुकूम आहे. मूल ऐकून शिकते त्याहून अधिक पाहून शिकते.

शहरातल्या सदनिकेवर भोंगा नसतो. पण दिवेलागणीची वेळ तेथेही होते. त्या वेळी घरातील सर्वांचे मोबाईल तासभर एका फळीवर ठेवता येतील. पहिला मोबाईल मात्र घरातील कर्त्या माणसाचा असला पाहिजे.