जुने लाकूड आणि जीर्णोद्धाराचा विवेक



मठाच्या वर्धापनप्रसंगी लाकडाविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या तुळयांखाली आपले पूर्वज नामस्मरणास बसले, त्या ठेवाव्यात की काढाव्यात, हा प्रश्न प्रत्येक जीर्णोद्धारात उभा राहतो; आणि ‘जुने झाले म्हणजे दुबळे झाले’ या समजुतीवर त्याचा निकाल लागतो. ही समजूत कितपत खरी, एवढेच आज पाहावयाचे आहे.

सुरतेस हा विषय परका नाही. डांगाची सागाची राने येथून जवळच. १८३७ च्या आगीत या शहरातील नऊ हजारांवर घरे भस्मसात झाली, इतके येथील बांधकाम लाकडी होते. सुरतेचे जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईस गेले. त्यांच्या घराण्याने मुंबईत सागवानाचे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे १८१७ चे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी तर सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत.

मग काळ लाकडाचे करतो तरी काय? लाकडाचे बळ मुख्यत्वे सेल्युलोजच्या तंतूंत असते. ते दीर्घकाळ टिकतात. त्यांना सांधणारी हेमिसेल्युलोजसारखी द्रव्ये मात्र हळूहळू झिजतात. त्यामुळे जुने लाकूड हवेतील ओल कमी शोषते, कमी फुगते. पण त्याची लवचिकता घटून अकस्मात आघाताने ते लवकर तुटते. जपानमधील जिरो कोहारा यांनी प्राचीन मंदिरांतील हिनोकी लाकूड तपासले, तेव्हा तोडीनंतर दोन-तीनशे वर्षे त्याचे बळ वाढून पुढे सावकाश उतरते, असे त्यांस आढळले. अर्थात प्रत्येक जातीचे लाकूड निराळे. हा नियम सागास जसाच्या तसा लावता येणार नाही.

खरा शत्रू वय नसून ओल आहे. लाकडात शेकडा वीसहून अधिक ओल राहिली की बुरशीस वाव मिळतो. वाळवीसही ओलसर जागा मानवते. म्हणून भिंतीत गाडलेली तुळईची टोके आणि तळखड्यावरील खांबांचे बूड प्रथम कुजतात, मधला भाग निरोगी असतो. सागाचा गाभा स्वतःच्या तैलद्रव्याने सुरक्षित राहतो. बाहेरच्या पांढऱ्या लाकडास ते कवच नाही. शतकानुशतकांच्या भाराने तुळई वाकते खरी, पण वाकणे म्हणजे कुजणे नव्हे.

तेव्हा जीर्णोद्धार करताना प्रथम छपराची गळती थांबवावी. मग जाणत्या सुताराकडून तुळई ठोकून, टोचून पाहावी. पोकळ आवाज कोठे येतो ते ऐकावे. जेवढे कुजले तेवढेच कापून त्याच जातीचे वाळलेले लाकूड सांधावे, आणि भिंतीतील टोकाभोवती वारा खेळू द्यावा. भार फार असेल तेथे आधार द्यावा.

एकदा उतरविलेली जुनी तुळई पुन्हा मिळत नाही. वृद्धांची प्रकृती पाहिल्यावाचून आपण त्यांस घराबाहेर काढीत नाही. तोच विवेक आपल्या वास्तूंच्या बाबतीतही राखावा, एवढीच माझी नम्र विनंती आहे.