जुनी गाडी घेताना

जुनी गाडी घेताना कंपनीचं नाव पाहालच, पण तिचा कारभार आज इथे चालू आहे का, हे आधी पाहा. आपल्या शेजारी तळेगावात शेवरोले बीट तयार होत असे. २०१७ च्या अखेरीस ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सने भारतातली विक्री थांबवली. तिथला कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. अशी गाडी धावते छान, पण सुट्या भागांसाठी शोधाशोध होते, पुढे विकतानाही भाव पडतो. म्हणून चिंचवड-भोसरीतल्या ओळखीच्या मेकॅनिकला विचारा, या गाडीचा क्लच किती दिवसांत मिळेल? माझ्या मते हे उत्तर जाहिरातीपेक्षा मोलाचं. मग सर्व्हिसच्या नोंदी बघा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.