पेट्रोलची किंमत आणि पेट्रोलचा गुण

पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी ‘हायब्रिड’ मोटार मनुष्य घेतो ती खर्च वाचावा म्हणून. मग महाग पेट्रोल भरून ती बचत घालवावी काय? अमेरिकेंत साधें पेट्रोल बहुधा ८७ ऑक्टेनचें, तर ‘प्रीमियम’ ९१ किंवा अधिक ऑक्टेनचें असतें. हा अंक शक्तीचें माप नव्हे. दाबाखालीं अकालीं पेट न घेण्याचा गुण तो दाखवितो. टोयोटाच्या ‘प्रायस’मध्यें हवा आंत घेणारी झडप उशिरां मिटते, त्यामुळें दाब माफक राहतो आणि साधें पेट्रोल पुरतें. उलट २०११ च्या शेव्हरोले ‘व्होल्ट’ला प्रीमियमच लागे, २०१६ च्या नव्या इंजिनास साधें चालूं लागलें. तात्पर्य, मोटारीच्या पुस्तिकेंत सांगितलें असेल तेंच भरावें. त्याहून महाग भरून लाभ नाहीं. प्रीमियम आवश्यक असतां साधें भरल्यास इंजिनास अपाय होण्याचा संभव असतो.